ऑगस्टसांचा बाप: ३३७ नंतरच्या एका तांब्याच्या नाण्याचे प्रकरण

नाणे हातात आले तेव्हा त्याच्या पाकिटावर तीनच शब्द होते: ‘रोमन, सूर्याचा रथ’. विकणाऱ्याने किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. व्यास १५ मिलिमीटर, वजन १.६ ग्रॅम. १९८८ नंतर आलेले स्टीलचे दहा पैसे ज्यांना आठवतात त्यांना आकाराचा अंदाज लगेच येईल. ते १६ मिलिमीटरचे आणि २ ग्रॅमचे होते, म्हणजे हे त्याहूनही लहान आणि हलके. रंग काळपट तपकिरी, काठ एका बाजूला चेपलेला, आणि मागच्या बाजूला वरच्या काठाशी हिरव्या थराचा एक घट्ट खडा बसलेला.

पुढच्या बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेला एक पुरुष, तोंड उजवीकडे. मागच्या बाजूला झेपावणारे चार घोडे, त्यांच्यामागे रथ, रथात उभी असलेली आकृती, आणि सगळ्यात खाली चार-पाच बारीक अक्षरे. काठाने मात्र काहीच लिहिलेले नाही. पहिल्यांदा खटकले ते हे. चौथ्या शतकातले रोमन नाणे असे गप्प बसत नाही. ‘सेनेचा गौरव’, ‘राज्याची सुरक्षितता’ असा काही ना काही घोष मागच्या बाजूला काठाने फिरवलेला असतोच.

सूर्यदेवाचे म्हणाल तर सम्राट प्रोबसच्या नाण्यांवर, म्हणजे २७६ ते २८२ या काळात, तो चार घोड्यांच्या रथात भरपूर दिसतो. पण त्याच्या डोक्याभोवती किरण असतात आणि काठाने त्याचे नावही असते, अजिंक्य सूर्य. माझ्या नाण्यावरच्या आकृतीला किरण नव्हते. भिंगाखाली धरल्यावर दिसले की रथातल्या माणसाच्याही डोक्यावर वस्त्र आहे. पुढच्या बाजूचा माणूस आणि मागच्या बाजूचा सारथी एकच आहेत. पाकिटावरची ओळख इथेच बाद झाली.

या नमुन्यावर बरेच लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते: हे नाणे ख्रिस्ती की जुन्या धर्माचे? हे एक नाणे समोर ठेवून मी जितके वाचत गेलो तितके मला वाटू लागले, की हा प्रश्न दुय्यम आहे. पुढच्या बाजूला ‘पी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरे आहेत. नाणे कशासाठी पाडले ते त्या दोन अक्षरांत आहे.

अक्षरे

पुढच्या बाजूचा लेख डावीकडून वाचायचा. आधी डी आणि व्ही. मग कॉन्स्टंटिनुस हे पूर्ण नाव, मध्ये वस्त्राचे टोक आल्यामुळे दोन तुकड्यांत. मग पी, टी. शेवटी ए, व्ही, जी, जी. रोमन लोक ‘यू’ आणि ‘व्ही’ एकाच अक्षराने लिहीत, त्यामुळे शेवटचा शब्द ‘ऑग’ असा सुरू होतो, आणि दुहेरी जी म्हणजे अनेकवचन. सगळे उलगडले की लॅटिन वाक्य होते: दिवुस कॉन्स्टंटिनुस पाटेर ऑगुस्टोरुम. देवपदाला गेलेला कॉन्स्टंटाइन, ऑगस्टसांचा पिता. ऑगस्टस ही रोमच्या मुख्य सम्राटाची पदवी.

‘पीटी’चा उलगडा ‘पाटेर’ असाच करायचा याला भक्कम आधार आहे. हाच रथाचा देखावा कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत सोन्यातही पाडला गेला, आणि सोन्याच्या त्या नाण्यावर ‘दिवुस’ आणि ‘पाटेर’ हे दोन्ही शब्द पूर्ण कोरलेले आहेत. तांब्याच्या नाण्यावर जागा नव्हती, म्हणून कोरणाऱ्याने शब्द आखडले.

‘दिवुस’ या शब्दाला मराठी कान लगेच जागा करून देतो. आपल्या जुन्या पत्रांत निवर्तलेल्या राजाचे नाव ‘कैलासवासी’ लावून येते, तसाच हा मृत्यूनंतरचा किताब. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की रोममध्ये तो सिनेटच्या ठरावाने मिळे, सगळ्यांना मिळत नसे, आणि मिळाला की त्याच्यामागून देऊळ, पुजारी आणि पूजाही येत. वाईट ठरवलेल्या सम्राटाला ठरावाने पुसून टाकत, चांगल्याला ठरावाने वर पाठवत. इतिहासकार युट्रोपियसने पुढे तीसेक वर्षांनी कॉन्स्टंटाइनबद्दल लिहिताना, तो देवांच्या यादीत जाण्याच्या योग्यतेचा ठरला, असे सरळ नोंदवले आहे. त्यालाही त्यात काही विपरीत वाटले नाही.

मागच्या बाजूला खाली एस, एम, ए, एल आणि त्यांच्यानंतर ग्रीक गॅमा. पहिली दोन अक्षरे ‘पवित्र टांकसाळ’ अशा अर्थाची, पुढची दोन अलेक्झांड्रियाची, आणि गॅमा म्हणजे तिथला तिसरा कारखाना. वजनात किंवा धातूत खोट निघाली तर कोणाला जबाबदार धरायचे हे त्या एका अक्षरावरून कळत असे.

आता तारीख. नाण्यावर साल नाही, पण दुहेरी जी साल सांगते. कॉन्स्टंटाइन २२ मे ३३७ रोजी निकोमिडियाजवळ वारला. त्या दिवशी साम्राज्यात ऑगस्टस एकच होता, आणि तोच गेला होता. मुलगे होते ते सीझर, म्हणजे एक पायरी खाली. त्यांनी ऑगस्टस ही पदवी घेतली ९ सप्टेंबर ३३७ रोजी. त्याआधी ‘ऑगस्टसांचा पिता’ या शब्दांना अर्थच नव्हता. दुसरी बाजू सीझरियाचा बिशप युसेबियस बांधून देतो. कॉन्स्टंटाइनच्या चरित्राच्या शेवटी तो नेमक्या याच नाण्याचे वर्णन करतो: एका बाजूला डोके झाकलेला सम्राट, दुसऱ्या बाजूला चार घोड्यांच्या रथात सारथ्यासारखा तो, आणि त्याला वर घेण्यासाठी वरून पुढे आलेला उजवा हात. युसेबियस ३३९च्या सुमारास वारला. तेव्हा हा नमुना ३३७चा सप्टेंबर आणि त्याचा मृत्यू यांच्यामधल्या दीड-दोन वर्षांतच बाहेर पडला असला पाहिजे.

एका प्राचीन नाण्याची ओळख इतक्या जवळून बघितलेल्या माणसाच्या लेखणीतून मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. मी ते वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा नाणे टेबलावर होते, आणि कितीतरी वेळ मी आळीपाळीने दोन्हींकडे पाहत होतो.

३३७चा उन्हाळा

२२ मे आणि ९ सप्टेंबर यांच्यामध्ये साडेतीन महिने येतात. या साडेतीन महिन्यांत रोमन साम्राज्याला जिवंत ऑगस्टस नव्हता. आणि तरीही राज्य चालू होते, मेलेल्याच्या नावाने.

कॉन्स्टंटाइन इराणच्या दुसऱ्या शापूरवर मोहिमेची तयारी करत असताना आजारी पडला. शेवटच्या दिवसांत त्याने बाप्तिस्मा घेतला, निकोमिडियाच्या बिशपकडून. त्याचेही नाव युसेबियसच, पण माणूस वेगळा. देह कॉन्स्टँटिनोपलला नेला, सोन्याच्या पेटीत घालून राजवाड्यात उंचावर ठेवला, आणि दरबारी रोज नेमल्या वेळी येऊन, तो जिवंत असताना करत तसेच गुडघे टेकून मुजरे करत राहिले. चरित्रकार युसेबियस हे मोठ्या अभिमानाने सांगतो: मर्त्य माणसांत मेल्यानंतरही राज्य करणारा हा एकटाच. ही नुसती अलंकारिक भाषा नव्हती. २ ऑगस्ट ३३७ची तारीख असलेला एक कायदा कॉन्स्टंटाइनच्या नावाने जपला गेला आहे. वास्तुकार, चित्रकार, सोनार अशा कारागिरांना सक्तीच्या नागरी कामांतून सूट द्यावी, म्हणजे त्यांना आपली कला वाढवायला आणि मुलांना शिकवायला सवड मिळेल, असा त्याचा आशय. कायदा चांगला आहे. तो ज्याच्या नावाने निघाला त्याला जाऊन ७२ दिवस झाले होते.

नवा ऑगस्टस का जाहीर होत नव्हता? कारण वारस कोण, हे ठरले नव्हते. खरे तर ठरले होते, पण ते मान्य नव्हते.

कॉन्स्टंटाइनने जाण्याआधी राज्य चौघांत वाटून ठेवले होते. तीन त्याचे मुलगे: दुसरा कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टन्स. तिघेही पंचविशीच्या आतले. चौथा त्याचा पुतण्या डाल्मेशियस, ज्याला १८ सप्टेंबर ३३५ रोजी सीझर केले गेले. डाल्मेशियसचा भाऊ हॅनिबालियानस याला तर ‘राजा’ ही पदवी मिळाली होती, रोमन कानांना न रुचणारी, आणि सम्राटाची मुलगी त्याला दिलेली होती.

ही दोन घरे कशी होती ते समजून घेतले नाही तर पुढचे कळत नाही. कॉन्स्टंटाइनच्या वडिलांना, म्हणजे पहिल्या कॉन्स्टँशियसला, दोन बायका. हेलेना, कॉन्स्टंटाइनची आई, साध्या घरातली. आणि थिओडोरा, राजघराण्याशी जोडलेली. कॉन्स्टंटाइन हेलेनाचा. डाल्मेशियस आणि हॅनिबालियानस हे थिओडोराचे नातू. सावत्र घराण्यांमध्ये गादीवरून काय होते ते आपल्याला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको.

त्या उन्हाळ्यात कॉन्स्टँटिनोपलमध्ये सैनिकांनी थिओडोराकडची पुरुष मंडळी कापून काढली. डाल्मेशियस, हॅनिबालियानस, त्यांचे वडील, कॉन्स्टंटाइनचा सावत्र भाऊ ज्युलियस कॉन्स्टँशियस, आणखी काही. वाचली ती ज्युलियस कॉन्स्टँशियसची दोन मुले: आजारी असलेला गॅलस आणि त्याचा सावत्र भाऊ ज्युलियन, पाच-सहा वर्षांचा. हाच ज्युलियन पुढे सम्राट झाला आणि ३६१मध्ये अथेन्सच्या लोकांना लिहिलेल्या जाहीर पत्रात त्याने मेलेल्यांचा हिशेब मांडला: सहा चुलत भाऊ, वडील, एक काका, थोरला भाऊ. दोष त्याने एकाच माणसावर ठेवला, कॉन्स्टँशियसवर. मधला मुलगा तोच. बापाच्या अंत्यविधीला वेळेवर पोहोचलेला एकटा तोच. आणि अलेक्झांड्रिया, जिथे माझे नाणे पाडले गेले, त्याच्याच वाट्याला आली.

चरित्रकार युसेबियस या कत्तलीबद्दल एक अक्षर लिहीत नाही. तो म्हणतो, जणू वरून प्रेरणा व्हावी तशा सगळ्या सैन्यांनी एकमुखाने जाहीर केले की त्याच्या मुलांखेरीज दुसरा कोणी धनी आम्ही ओळखणार नाही.

आता नाण्यांकडे परत या. ३३५ ते ३३७ या काळातल्या छोट्या तांब्याच्या नाण्यांत डाल्मेशियसची नाणी सहज ओळखू येतात. ‘सेनेचा गौरव’ या घोषाची, दोन सैनिक आणि मध्ये निशाण असलेली, इतर सीझरांच्या नाण्यांसारखीच. हॅनिबालियानसचीही आहेत, फक्त कॉन्स्टँटिनोपलची, मागच्या बाजूला टेकून पहुडलेला युफ्रेटीस नदीचा देव आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हा घोष. ३३७च्या उन्हाळ्यात ही दोन्ही नावे बंद होतात. टांकसाळीत ठसे बदलले जातात, आणि त्याच आकाराच्या, त्याच वजनाच्या, त्याच भट्ट्यांतून निघालेल्या चकत्यांवर नवा लेख येतो: ऑगस्टसांचा पिता.

म्हणून मी म्हणतो की ‘पीटी’ वाचा. आधीच्या दिवंगत सम्राटांच्या नाण्यांवर ‘पवित्र’, ‘उत्तम’, ‘धर्मशील’ अशी विशेषणे येतात. इथे एकही विशेषण नाही. ३० वर्षे राज्य केलेला, नवी राजधानी वसवलेला, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवलेला माणूस, आणि त्याच्या नावापुढे फक्त नाते. तो कोण होता हे नाणे सांगत नाही, कोणाचा होता ते सांगते. काका, मोठा भाऊ, सासरा ही त्याची दुसरी नाती जिथे रक्तात बुडवली गेली, तिथे उरलेले एकच नाते चकतीवर ठोकून गावोगाव पाठवले गेले. सर्वांत हलक्या नाण्यावर, जे भाजीबाजारात, भटारखान्यात, शिपायाच्या पगारात हातोहात फिरते.

मेलेल्या राजाच्या नावाने नाणे चालणे आपल्याला नवीन नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ अशी अक्षरे असलेली शिवराई महाराजांच्या पश्चात पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली. पण शिवराई महाराज गेले असे कुठेच म्हणत नाही. तिच्यावर नाव जसेच्या तसे, राज्य चालूच असल्यासारखे. अलेक्झांड्रियाच्या या नाण्यावर मृत्यू पहिल्या दोन अक्षरांतच जाहीर होतो, आणि वारसांचे सगळे बळ त्या जाहिरातीवर उभे राहते.

हात

तरीही रथाकडे आणि हाताकडे वळलेच पाहिजे, कारण हा देखावा याआधी कोणत्याही सम्राटाच्या मरणोत्तर नाण्यावर आलेला नव्हता.

जुनी रीत वेगळी होती. सम्राट गेला की रोममध्ये मजल्यामजल्यांची चिता रचत, अग्नी देत, आणि वरून गरुड सोडत. तो आत्मा घेऊन गेला असे मानत. म्हणून दिवंगत सम्राटांच्या नाण्यांवर शेकडो वर्षे गरुड, चिता किंवा वेदी दिसते. २७०मध्ये वारलेल्या दुसऱ्या क्लॉडियसची तांब्याची नाणी घ्या, गरुड नाहीतर वेदी, आणि काठाने देवपदाच्या विधीचे नाव. कॉन्स्टंटाइनला चिता मिळाली नाही. त्याला कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रेषितांच्या चर्चमध्ये पुरले. चिताच नाही तर गरुड उडणार कुठून? टांकसाळीला नवे चित्र हवे होते.

इथे बहुतेक लेखक एलियाकडे जातात. बायबलमधला हा संदेष्टा अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला. आणि आकाशातून येणारा हात ही देवाची खूण युफ्रेटीसच्या काठी दूरा युरोपस इथल्या तिसऱ्या शतकातल्या सिनेगॉगच्या भिंतींवर आधीच रंगवलेली होती. ख्रिस्ती डोळ्याला या नाण्यात एलिया दिसला असणार यात मला शंका नाही. युसेबियसला तो हात तसाच दिसला. पण युसेबियसच्या वर्णनात एक गोष्ट लक्षात घ्या: तो चित्र सांगतो, लेख सांगत नाही. ‘दिवुस’ हा शब्द त्याच्या ओळींत नाही. कत्तलीबद्दल जसा तो गप्प, तसाच इथेही.

मला अधिक जवळचा धागा दिसतो तो कॉन्स्टंटाइनच्या स्वतःच्या बापाच्या मरणात. पहिला कॉन्स्टँशियस ३०६मध्ये यॉर्कला वारला. पुढच्या वर्षी, कॉन्स्टंटाइन आणि फाउस्टा यांच्या लग्नानिमित्त झालेल्या स्तुतिपर भाषणात वक्ता म्हणाला की साक्षात सूर्याने आपल्या रथात त्याला वर घेतले. ३१०मध्ये ट्रियरला दुसऱ्या भाषणात दुसरा वक्ता म्हणाला की स्वर्गाची दारे उघडली आणि स्वतः ज्युपिटरने उजवा हात पुढे करून त्याला देवांच्या सभेत घेतले. रथ एका भाषणात, हात दुसऱ्यात. दोन्ही भाषणे कॉन्स्टंटाइनसमोर झालेली, जपून ठेवलेली, त्याच्या राजवटीची सुरुवात ज्यांच्यावर उभी राहिली अशी. ३० वर्षांनी त्याच्या मुलांच्या टांकसाळीने ही दोन्ही चित्रे एकत्र केली. सूर्याचे नाव काढले, ज्युपिटरचे नाव काढले, आणि हाताला धड जोडलेच नाही. ज्याला जो देव हवा तो त्याने लावून घ्यावा.

डोक्यावरचे वस्त्रही घरचेच. ३१७-३१८च्या सुमारास कॉन्स्टंटाइनने स्वतः छोट्या तांब्याच्या नाण्यांची एक मालिका काढली होती, तीन दिवंगतांच्या नावाने: दुसरा क्लॉडियस, ज्याला तो आपला पूर्वज म्हणवत असे; वडील कॉन्स्टँशियस; आणि सासरा मॅक्झिमियन. तिघांच्याही डोक्यांवर वस्त्र, आणि काही नाण्यांवर ‘थोर कर्तृत्ववानांची विश्रांती’ अशा अर्थाचा घोष. या सासऱ्याला आधी आत्महत्या करायला लावले होते आणि मग त्याला देवपद दिले, हे विसरता येत नाही. मेलेल्या नातेवाइकाचे नाणे पाडून आपला हक्क पक्का करायचा, हे मुलांना शिकवले ते बापानेच.

माझ्या नाण्यावर मात्र हात दिसत नव्हता. लेखावरून नमुना ठरला होता, म्हणजे हात असायलाच हवा होता, आणि जिथे असायला हवा तिथेच तो हिरवा खडा. चकती ठशापेक्षा लहान पडली की काठाजवळचे चित्र बाहेर जाते. या नाण्यांत ते नेहमीच घडते, त्यामुळे खात्री नव्हती. ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे ठेवले, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहिलो. आम्ल, लिंबू, चिंच यांना हात लावायचा नाही. मूळ थर गेला तर त्याच्याबरोबर नक्षीही जाते. दीड महिन्याने खड्याची कड मऊ झाली. मग भिंगाखाली बाभळीच्या काट्याने, एका वेळी टोकभर. लोखंडी सुई ओरखडा पाडते, काटा आधी स्वतः मोडतो.

तिसऱ्या संध्याकाळी खड्याचा तुकडा सुटला. खाली बोटे होती. तीन स्पष्ट, चौथे अर्धे, आणि अंगठा काठाबाहेर. सगळा हात तांदळाच्या कणीएवढा. आणि रथातल्या माणसाचा वर केलेला हात त्याच्या दिशेने, मध्ये केसभर अंतर. कोरणाऱ्याने ते दोन हात एकमेकांना लागू दिलेले नाहीत.

सोबतची नाणी

रथाचा नमुना पूर्वेकडच्या टांकसाळींत सगळीकडे निघाला: हेराक्लिया, कॉन्स्टँटिनोपल, निकोमिडिया, सिझिकस, अँटिऑक, अलेक्झांड्रिया. त्याच पुढच्या बाजूला जोडून, हातात तराजू घेतलेल्या न्यायदेवतेचे नाणेही निघाले. पश्चिमेला थोरल्या मुलाच्या ट्रियर आणि लिऑन इथल्या टांकसाळींनी ‘चिरंतन भक्तिभाव’ या घोषाचे नाणे काढले. त्यावर कॉन्स्टंटाइन भाला आणि पृथ्वीगोल घेऊन उभा आहे आणि काही नाण्यांवर गोलाशी ख्रिस्ताच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त विचारात पाडतात ती दोन आज्यांची नाणी. ३३७ ते ३४०च्या दरम्यान ट्रियर, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथे हेलेना आणि थिओडोरा या दोघींच्या नावाने, दोघीही हयात नसताना, बारीक तांब्याची नाणी पाडली गेली. हेलेनाच्या नाण्यावर शांतिदेवता, थिओडोराच्या नाण्यावर तान्ह्या मुलाला छातीशी धरलेली भक्तिदेवता आणि ‘रोमन भक्तिभाव’ हा घोष. ज्या थिओडोराची नातवंडे नुकतीच मारली, तिचेच नाणे, आणि त्यावर मूल. काही अभ्यासक यात समेटाची इच्छा पाहतात, काही जण इतर भावांनी कॉन्स्टँशियसला दिलेली जाहीर चपराक पाहतात. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण हे नाणे कॉन्स्टँशियसच्या स्वतःच्या राजधानीतही पाडले गेले. चपराक खाणारा ती आपल्याच टांकसाळीत छापून घेत नाही. वाचलेल्या दोन मुलांची ती आजी होती, आणि त्या दोघांना आता तो सांभाळत होता.

भावांचे पुढे काय झाले ते थोडक्यात. थोरला ३४०मध्ये धाकट्यावर चालून गेला आणि अक्विलियाजवळ मारला गेला. धाकटा ३५०मध्ये आपल्याच सेनापतीच्या बंडात गेला. मधला ३६१पर्यंत टिकला.

३४७-३४८च्या सुमारास पूर्वेकडे कॉन्स्टंटाइनचे शेवटचे मरणोत्तर नाणे निघाले. पुढची बाजू तीच, ‘पीटी’सह. मागच्या बाजूला रथ नाही, घोडे नाहीत, वरून येणारा हातही नाही. डोक्यावरून वस्त्र घेतलेला एक माणूस उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ‘पूजनीय स्मृती’ची चार अक्षरे. कोरणारे घाईत असावेत, बहुतेक नमुन्यांवर आकृती काडीसारखी आहे. ३४८मध्ये चलन बदलले, मोठे आणि जड तांब्याचे नाणे आले, ‘सुखाच्या दिवसांचे पुनरागमन’ या घोषाचे, आणि त्यात मेलेल्या सम्राटाला जागा राहिली नाही. देवपदाला गेलेला सम्राट म्हणून रोमन नाण्यावर आलेला हा शेवटचा माणूस. आकाशातला हात मात्र नाण्यांवर परत आला. ३८३नंतर तो सम्राट अर्केडियसच्या, आणि पुढे सम्राज्ञी युडोक्सियाच्या डोक्यावर मुकुट धरताना दिसतो, म्हणजे आता जिवंतांसाठी.

चौथ्या-पाचव्या शतकांतली अशी बारीक तांब्याची रोमन नाणी तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रातून आणि श्रीलंकेतूनही मोठ्या संख्येने मिळाली आहेत. त्यांतली पुष्कळशी इतकी झिजलेली असतात की चेहऱ्याची फक्त उंची उरलेली असते. अशा ढिगात रथाचे नाणे ओळखायचे झाले तर लेखाची आशा धरू नये. मागच्या बाजूचा काठ कोरा आहे का ते बघावे, मग घोड्यांच्या वर उजवीकडे बोट फिरवावे. झिजलेल्या नाण्यावरही तिथे एक बारीक उंचवटा लागतो.

माझ्या नाण्याचे पाकीट मी बदलले. नव्यावर लिहिले आहे: कॉन्स्टंटाइन, मरणोत्तर. अलेक्झांड्रिया, तिसरा कारखाना. ३३७च्या सप्टेंबरनंतर. १५ मिलिमीटर, १.५ ग्रॅम. खडा निघाल्यावर वजन ०.१ ग्रॅमने कमी भरले. जुने पाकीट त्याच्याच मागे ठेवले आहे.